हलले ते सारे

शालिकरामाला मी वाचवले. एका इंग्रजी शब्दाने वाचवले, तुरुंगाच्या दारातून परत आणले.

असे काही घडलेले नाही. वरची ओळ वाचली गेली असेल तर विसरावी. मी पहिल्यापासून सांगतो.

सन १८६४, पौष महिना. अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई लागली होती आणि त्यामुळे वऱ्हाडातले लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवत होते. ह्या दोन गोष्टींचा संबंध विल्मट साहेबाने मला दोनदा समजावून सांगितला आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली. अमेरिकेचा कापूस बंद पडला म्हणून साहेब अमरावतीत कापूस घेई, मी त्याचा दुभाषी. नाव गोपाळकृष्ण, वय बावीस, वडील भिक्षुक, इंग्रजी नागपूरचे. साहेब बोले ते लोकांना सांगायचे, लोक बोलत ते साहेबाला सांगायचे, आणि मधल्या शिव्या गाळून टाकायच्या. गाळायचे काम मला फार चांगले जमे.

शालिकराम वलगावचा. पेढी नदीच्या डोहात आम्ही दोघे पोहायला शिकलो. म्हणजे तो शिकला आणि मी त्याच्या पाठीवर बसलो. त्याच्याकडे एक गाडी, तांब्या आणि मोरक्या हे दोन बैल, आणि कौशल्या ही बायको. हा क्रम त्याचाच. कौशल्या ऐकत असली तर तो उलटीकडून मोजी. तिला तेव्हा चौथा महिना होता.

विल्मट साहेबाच्या चार गठाणी घेऊन आम्ही अकोल्याला निघालो. गठाण म्हणजे दाबून, तागाच्या कापडात शिवलेला कापूस. माणसाच्या छातीएवढी उंच आणि स्वभावाने दगड. शालिकराम पुढे धुरेवर बैल हाकत, मी मागे वरच्या गठाणीवर. साहेबाच्या मालासोबत साहेबाचा माणूस असावा असा नियम होता. त्या माणसाने चालावे असा नियम नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी मोर्णा नदीच्या उतारावर आलो. समोर पाण्यापलीकडे अकोला, मागे चाळीस-पन्नास गाड्यांची रांग, आणि प्रत्येक धुरकऱ्याला घाई.

त्या उतारावर देवीदास नावाचा माणूस असे. भरलेली गाडी उतरताना तो डाव्या चाकापुढे एक मोठा दगड धरी, चाक दगडाला टेकले की दगड उचलून दोन पावले खाली ठेवी, आणि असे करत स्वतः उलटा चालत गाडी पाण्यापर्यंत आणी. बदल्यात चिमूटभर तंबाखू. अशा हजार गाड्या त्याने उतरवल्या असतील. आमचीही अर्धी उतरवली.

मग तो ओरडला, "थांबवा बावा! दगड निसटला!"

मी वरून म्हणालो, "देवीदासभाऊ, आमाले काय सांगता, दगडाले सांगा. तो तुमचंच ऐकते!"

शालिकराम हसला. आधी हसला आणि मग कासरा ओढला.

हसायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. चाक एका माणसावरून गेले तेव्हा वर मला फक्त एक हलका उंचवटा कळला. वलगावच्या रस्त्यावर असे शंभर उंचवटे आहेत.

तिसऱ्या दिवशी नदीकाठी तंबूत चौकशी झाली. चौकशीचा साहेब, हॉलिस, साठीकडे झुकलेला. नाकावर चष्मा, पायात लोकरीचे मोजे, आणि माणसे तुरुंगात धाडायचा कंटाळा चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. त्याला दुभाषी हवा होता. मी होतोच. आरोपीसोबत गाडीवर बसलेला माणूसच दुभाषी नसावा, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आणि आले असते तरी ते साहेबाला समजावून सांगायला मीच होतो.

शालिकराम हात जोडून उभा. "काळ्या पान्यावर धाडन का रे?" हे त्याने मला सकाळपासून सात वेळा विचारले होते.

हॉलिस साहेबाने चष्मा पुसला आणि एक शब्द उच्चारला. मी तो पूर्वी ऐकला नव्हता. डिओडँड.

मी अर्थ विचारला. म्हाताऱ्याला कोणी अर्थ विचारल्याला बरीच वर्षे झाली असावीत. त्याने मला बसायला सांगितले. शब्द मूळचा लॅटिन, म्हणाला. देवाला द्यायचे ते. त्याच्या मुलखात शेकडो वर्षे असा कायदा होता की एखाद्या वस्तूने माणूस मेला तर ती वस्तू देवाची. घोडा, पाणचक्की, झाडाची फांदी, देवळाची घंटासुद्धा. राजा ती देवाच्या वतीने ताब्यात घेई. माणसांवर खटला नाही, वस्तू दिली की विषय संपला. पुढे आगगाड्या आल्या, त्या माणसे मारू लागल्या, आणि अख्खी आगगाडी देवाला द्यायची म्हटल्यावर मालकांची श्रद्धा डळमळली. अठरा वर्षांपूर्वी कायदा रद्द झाला.

"पण इथे बघायला कोण येते?" साहेब म्हणाला. "तुझा धुरकरी घरी जाईल. फक्त एक सांग. गाडी उभी होती की चालत होती?"

मी विचारले, त्याने काय फरक पडतो?

पडतो, तो म्हणाला. गाडी उभी असेल तर ज्या भागाने माणूस मेला तेवढाच भाग द्यायचा. चालती असेल तर मरणाकडे जे जे हलत होते ते सारे द्यायचे. चाके, माल रचायचा साटा, जू, बैल, माल.

"आणि माणसे?" मी सहज विचारले.

साहेबाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तसे कधी कोणी केले नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "लॅटिनमध्ये मात्र 'सारे' एवढेच आहे."

मी शालिकरामाकडे वळलो. "गाडी उभी होती का चालत होती, विचारतात."

"चालून राहिली होती ना," शालिकराम म्हणाला. "लपवून काय करू? म्या हासत होतो. सांग त्याईले."

मी साहेबाला सांगितले, "उभी होती."

इंग्रजीत हे फार थोडक्यात सांगता येते.

साहेबाने लिहून घेतले. डावे चाक देवाला द्यावे. कोणत्या देवाला, हा प्रश्न निघाला. जवळ असेल त्या, असा निकाल झाला. उताराच्या माथ्यावर उघड्यावरचा मारुती होता. त्याच्या पुजाऱ्याचे नाव भगवंत गुरव, त्यामुळे चाक मिळाल्याची पोच खुद्द भगवंताने दिली. हा विनोद मी त्या दिवशी चार जणांना सांगितला. कोणी हसले नाही. देवीदासाची बायको सुभद्रा चाकाजवळ बसून होती. ती चाकाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

नवे चाक बसवून, गठाणी अकोल्यात पोचत्या करून आम्ही परत फिरलो. बोरगाव मागे पडले तेव्हा शालिकरामाने विचारले, "काय सांगतलं तू त्या म्हाताऱ्याले?"

"उभी होती म्हनून सांगतलं. तुही गाडी वाचली, बैल वाचले."

"पन उभी नव्हती ना बे."

"ते तुले ठाव, मले ठाव."

"अन् ज्याले द्याचं होतं त्याले?" शालिकराम म्हणाला. 

माघात तो अमरावतीला माझ्याकडे आला. उजवे चाक गेले, म्हणाला.

"चोरलं असन."

"चोरानं गाडीखाली इटा तरी लावल्या असत्या ना बे. गाडी तशीच उभी होती. अधांतरी म्हन. म्या साट्याले हात लावला तवा पडली."

आठ दिवसांनी अकोल्याहून येणाऱ्या एका गाडीवानाकडून भगवंत गुरवाचा निरोप आला. तुमचे दुसरे चाक इथे येऊन राहिले आहे, ते कसे समजायचे? मी उलट निरोप धाडला की कोणी आणून ठेवले ते विचारा. त्यावर उत्तर आले, "आनलं नाई. आलं."

मग आस गेला, साटा गेला, जू गेले. सगळे दिवसाढवळ्या, कोणाची पाठ वळेपर्यंत. पौषात बसवलेले नवे चाक तेवढे मागे राहिले. भिंतीला नीट टेकवून ठेवलेले, जसे सुतार गिऱ्हाईकासाठी ठेवतो. शालिकरामाने साट्याला अकोल्याहून परत आल्यावर दोन नवे खिळे मारले होते. तेही अंगणात, चाकाच्या बाजूला, एकाशेजारी एक होते.

मी समजूतदार माणूस आहे. ते खिळे मी खिशात घातले.

फाल्गुनात भर दुपारी तांब्या आणि मोरक्या शेतातून चालू लागले. नवा कासरा त्यांनी मागे टाकला. शालिकराम शिंगांना लटकला, पुढे आडवा झाला. बैलांनी त्याला न तुडवता, बाजूने वळून वाट धरली. तो त्यांच्यामागे अकोल्यापर्यंत चालत गेला. मी विल्मट साहेबाचा घोडा घेऊन पोचलो तेव्हा बैल मारुतीपुढे बसलेले होते आणि रवंथ करत होते. त्यांच्यापुढे हिरवा चारा पडून होता, वाळत चाललेला.

"पाच दिस झाले," भगवंत गुरव म्हणाला, "एक काडी खाल्ली नाई का पानी पेले नाई."

"मग रवंथ कशाचा करतात?"

"तुमी शिकेलसवरेल मानूस," भगवंत म्हणाला. "तुमीच सांगा, महाराज."

गाडी बैलांमागे उभी होती. कोणी जोडली ते भगवंताला ठाऊक नव्हते. दोन्ही चाके, आस, साटा, जिथल्या तिथे, आणि तोंड उताराकडे.

मला वाटले, आता थांबेल. कारण उरला होता तो माल, आणि माल कधीच गेला होता. चार गठाणी अकोल्याहून रुळापर्यंत, रुळावरून मुंबईला आणि मुंबईहून जहाजावर चढल्याचे पत्र विल्मट साहेबाच्या टेबलावर मी स्वतः वाचले होते. जहाजावर चढलेला कापूस अकोल्याला परत येत नाही. ह्या नियमाला अपवाद मी एकदाच पाहिला, चैत्र वद्य पंचमीला, सकाळी. चारही गठाणी गाडीत, आमच्याच खुणेच्या, आमच्याच क्रमाने रचलेल्या. तागाचे कापड ओले होते. अकोल्यात चैत्रात काही ओले नसते. खालून पाणी ठिबकत होते आणि वाळलेल्या जागी पांढरे चट्टे पडले होते.

भगवंताने चट्ट्याला बोट लावून जिभेवर ठेवले.

"खारट," तो म्हणाला, आणि धोतराला बोट पुसत राहिला.

मी त्याच दिवशी कचेरीत गेलो. खोटे बोललो, हे सांगायचे ठरवले होते. हॉलिस साहेब विलायतेला परत गेला होता. त्याच्या जागी आलेला तरुण साहेब मनापासून हसला. म्हणाला, असा कायदा अस्तित्वात नाही. मी म्हणालो, पण त्याखाली निकाल झाला आहे आणि त्यात चूक आहे. तो म्हणाला, नसलेल्या कायद्याखाली निकाल होत नाही; न झालेल्या निकालात चूक राहत नाही; आणि न राहिलेली चूक दुरुस्त करायची सोय नाही. असे काही घडलेलेच नाही, असे समजून मी घरी जावे. मी ते शब्दाला शब्द ठेवून मनात मराठीत करून पाहिले. कुठे गाळायला जागा नव्हती.

तिथून सरळ वलगावला गेलो.

शालिकराम बैलांवाचून परतला होता आणि अंगणात कडुनिंबाखाली बसून होता. त्याने दोन दिवसांपासून जागा सोडली नव्हती. आपण हललोच नाही तर काही होणार नाही, असा त्याचा हिशेब होता. कौशल्या त्याला घास भरवत होती. तिला आता सातवा सरत आला होता. शेजारी बाळासाठी अर्धी शिवलेली गोधडी पडली होती. शालिकरामाचा जुना लाल फेटा फाडून तिने त्यात ठिगळे लावली होती, कारण त्याने वर्षप्रतिपदेला नवा घेतला होता.

"सांगतलं का सायबाले?" त्याने विचारले.

"सांगतलं."

"मंग?"

"असं काई झालंच नाई म्हनते."

"बरं झालं," शालिकराम म्हणाला. "मंग माहे बैल कोठी हायेत, ते पुसलं नाई त्याले?"

आयुष्यात पहिल्यांदा मला विनोद सुचला नाही. तो झाडाच्या बुंध्याला टेकला.

"गोपाळ, तांब्या उपाशी असन रे. त्याले माह्या हातानंच लागते."

"वहिनी, ह्याच्याकडे लक्ष ठेवा," मी म्हणालो.

"म्या डोये काढले का त्याईच्यावरचे?" कौशल्या म्हणाली, आणि रिकामे ताट उचलायला वाकली.

तेवढेच.

झाडाखाली नव्या वहाणांचा जोड होता. त्यावर नवा फेटा, घडी घातलेला.

कौशल्याने गोधडी उचलून उन्हात धरली. लाल ठिगळे होती तिथे भोके होती. टाके सगळे शाबूत होते.

मी अकोल्याला गेलो. तो धुरेवर बसलेला होता, अनवाणी, डोक्याला जुना लाल फेटा. फेट्याला कुठे फाटल्याची खूण नव्हती. हातात जुना कासरा. मी हाक मारली. त्याने मान वळवली नाही. नजर उताराखाली, पाण्याच्या अलीकडे एका जागी. छाती खालीवर होत होती, बैलांच्या जबड्यांच्या तालात.

वरच्या गठाणीवर मध्यभागी एक खोलगा होता. एक माणूस चार दिवस बसला की कापसात पडतो तेवढा.

"शालिकराम," मी म्हणालो.

"बसला का बे?" त्याने समोर बघत विचारले.

मी घोडा फिरवला. अमरावती येईपर्यंत उतरलो नाही.

वैशाखात कौशल्या आली. आठवा भरलेला, वलगावहून पायी. दारातच उभी राहिली.

"भाऊजी, तुमी कवा निंगता?"

"कुठे?"

"अकोल्यात राहून रोज भाकर नेली त्याईच्यासाठी, पंधरा दिस. खात नाईत. भगवंतबावा म्हनते गाडी भरली नाई म्हनून थांबून हाय. गाडी पान्यापार झाली का मंग हे मोकये होतीन."

"मोकळे होतील, असं कोण म्हणालं?"

"कोनी नाई म्हनलं." तिने पोटावर हात ठेवला. "पन तुमच्यासाठीच तर थांबून राहिले ना ते, लहानपनापासून."

"आणि पाण्यापार गेल्यावर मी?"

तिने ह्याचा विचार केलेला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसले.

"तुमाले पोहता येते ना," ती म्हणाली.

मी तिला सांगितले नाही की पोहायला तो शिकला होता. तिला बसायला पाट दिला. ती बसली नाही. "वाट पायतो," म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून मी खोलीत आहे. खुर्चीवर. मी शालिकरामापेक्षा हुशार आहे. मी पाय खुर्चीला बांधून घेतले आहेत. कचेरीत करायच्या अर्जासोबत हकीकत जोडावी लागते, म्हणून हे सगळे लिहून काढले. ह्यात फक्त एक तपशील मला नीट लावता आलेला नाही. कागदाच्या डोक्यावर मी मुक्काम अमरावती असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बडनेऱ्याची गढी दिसली, म्हणून ते खोडून बडनेरा लिहिले. कालपासून मूर्तिजापूर आहे. खुर्ची तीच, गाठी तशाच; फक्त दोरी नवी होती, ती दिसत नाही.

सबब मेहेरबान साहेबांस अर्जदाराची नम्र विनंती की, सन १८६४ च्या पौष महिन्यात मोर्णा नदीचा उतार हा उतार नसून सपाट जमीन होती, व तीवरील गाडी, बैल, माल व माणसे जागच्या जागी उभी होती, असा मागील तारखेचा हुकूम व्हावा. हुकुमाची नक्कल मूर्तिजापूरच्या पत्त्यावर धाडू नये. ती पोचेपर्यंत अर्जदार तिथे नसेल.